दस्तीखालचा सौदा

ते २०१९ साल होतं. त्या उन्हाळ्यात लातूरला नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी यायचं, आणि ज्या दिवशी यायचं त्या दिवशी आमच्या गल्लीतल्या कुठल्याच बाईला दुसरं काही सुचायचं नाही. माझ्या दोन खोल्यांच्या घरात तेव्हा आम्ही चौघं होतो. मी, माझा धाकटा भाऊ विरूपाक्ष, त्याची बायको सुकन्या आणि त्यांचा मुलगा राजशेखर. एरवी मी एकटीच असायचे. चाकूरच्या शाळेतून निवृत्त होऊन मला बरीच वर्षं झाली होती, आणि मालक जाऊन त्याहून जास्त. ती तिघं मुखेडहून आली होती ती विरूपाक्षच्या गळ्यासाठी.

विरूपाक्षला घरात सगळे इरू म्हणत. गळ्याच्या कॅन्सरचं त्याचं ऑपरेशन सोलापूरकडे झालं होतं आणि त्यात त्याचं स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. श्वासासाठी गळ्याच्या खाली एक भोक ठेवलं होतं. ते दिसू नये म्हणून तो दिवसभर गळ्याला दस्ती गुंडाळून बसायचा, आपला साधा मोठा रुमाल, पांढरा, लाल काठाचा. जखम भरली की लातूरला लाईट घ्यायची होती. रेडिएशनला आमच्याकडे सगळे लाईटच म्हणतात. सहा आठवडे, रविवार सोडून रोज. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की महिना उलटायच्या आत सुरू करा, नाहीतर दुखणं परत येईल आणि मग आमच्या हातात काही राहणार नाही.

आणि इरूनं मान हलवून नाही म्हटलं होतं. का नाही, ते त्यानं सांगितलं नाही. सांगणार कसं?

माझा भाऊ जनावरांचा दलाल होता. आमचे अप्पाही तेच करायचे. मी लहान असताना मुखेडचा बाजार भरला की अप्पांचा आवाज आमच्या शाळेपर्यंत ऐकू यायचा, आणि गुरुजी म्हणायचे, "गौरे, तुझे वडील बैल विकून ऱ्हायलेत का गाव जागं करून ऱ्हायलेत?" इरूचा आवाज अप्पांच्याही वरचा निघाला. देवणी जातीचा बैल समोर उभा असला की तो त्याची अशी तारीफ करायचा की मालकालाच विकू नये असं वाटावं. "ह्याची चाल बघा, तहसीलदार जिना उतरून राहिलाय जणू!" माणसं हसायची, गोळा व्हायची, आणि मग सौदा. भाव मात्र कधी मोठ्यानं बोलायचा नाही. घेणारा आणि दलाल दस्तीखाली एकमेकांचा हात धरायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. भोवती सगळा बाजार उभा असला तरी भाव दोघांनाच ठाऊक. ते दस्तीखालचं अलीकडे कमी होत गेलं, पण इरूनं सोडलं नव्हतं. बायकांना बाजारात जागा नव्हती, त्यामुळे मला बोटांचं तेवढं माहीत होतं. त्यातले कायदे माहीत नव्हते.

आवाज गेल्यावर राजशेखरनं त्याला एक फोन आणून दिला. त्यावर मराठीत लिहिलं की फोन बोलून दाखवायचा. पोराची माया खरी होती. इरूनं कसंबसं टाईप केलं, पाणी दे. फोनमधली बाई म्हणाली, "पाणी. दे." अगदी बसस्टँडवर मुखेड गाडी फलाटाला लागत आहे म्हणून सांगतात तसं. सुकन्याला हसू आवरलं नाही. त्यात वाईट काही नव्हतं, कुणालाही आलं असतं. पण इरूनं फोन भिंतीवर फेकला, आणि त्या दिवसापासून लिहिणंही बंद केलं. पाटी दिली तर उलटी ठेवायचा.

घरात मग आम्हीच त्याच्या वतीनं बोलायला लागलो. त्याला भूक लागली असेल. त्याला पंखा नको असेल. तो दमला असेल. दमलो तर आम्ही होतो.

लाईटच्या दवाखान्यातल्या नर्सनं सांगितलं की मंगळवारी एक मॅडम बसतात, माणसांशी बोलतात, त्यांच्याकडे न्या. औषधाच्या दुकानाच्या वर एका संस्थेची खोली होती. मॅडमचं नाव हुमा. नांदेडची, इतवाऱ्यातली. वय पस्तिशीच्या आसपास, डोक्यावर ओढणी, डोळ्यांखाली काळं. सकाळच्या एसटीनं यायची आणि संध्याकाळी परत जायची. टेबलावर पाण्याचा माठ होता आणि त्यावर एक फडकं. खुर्च्या कमी होत्या, म्हणून राजशेखर भिंतीला टेकून उभा राहिला.

"नाव काय तुमचं?" तिनं इरूला विचारलं.

"विरूपाक्ष," सुकन्या म्हणाली.

"जेवण जातंय का?"

"पातळ तेवढं जातं," मी म्हणाले.

"झोप?"

"पप्पा झोपतच न्हाईत," राजशेखर म्हणाला.

हुमानं पेन खाली ठेवलं. "मी त्यांना विचारतेय."

"त्यांला बोलता येत न्हाई ना मॅडम," सुकन्या म्हणाली. "म्हणून तर आम्ही आलोत. तुम्ही फक्त त्यांला समजावून सांगा की लाईट घ्या. लई शिकलेल्या हाव तुम्ही, तुमचं ऐकतील."

"समजावायचं काम मी करत नाही, ताई."

"मंग काय करता?"

हा प्रश्न तिला रोजच येत असावा. "बसते," ती म्हणाली. "आधी तुम्ही तिघं बोलून घ्या. यांच्याकडून काय हवंय ते एकेकानं सांगा. मग तुमची पाळी संपली. आणि ह्या खोलीत दोन गोष्टी बोलायच्या नाहीत. 'धीर धरा' म्हणायचं नाही, आणि 'सगळं ठीक होईल' म्हणायचं नाही."

आम्ही बोललो. तिघांचंही तेच होतं. लाईट घ्या. राजशेखर सगळ्यात शेवटी बोलला, आणि बोलता बोलता, "पप्पा, तुम्ही टेन्शन घेऊ नका, सगळं ठीक हो..." म्हणाला आणि त्यानं जीभ चावली. इरूचे खांदे हलले. आवाज न करता तो हसत होता. ऑपरेशननंतर मी ते पहिल्यांदा पाहिलं.

हुमानं सुकन्याला विचारलं, "ताई, तुम्ही गरम भाकरी शेवटची कधी खाल्ली?" सुकन्या पदरानं नाक पुसायला लागली. मग हुमा म्हणाली, "घरातलं माणूस गेलं तर आपण रडतो, लोक भेटायला येतात. यांचा आवाज गेला, तेही घरातलं माणूसच होतं. त्याचं सुतक पाळलं का कुणी?"

सुकन्यानं नाक पुसणं थांबवलं. "आम्हा लिंगायतांत सुतक नसतंय, मॅडम."

"अस्सं?" हुमानं कपाळाला हात लावला. "माझं चुकलं. मला माहीत नव्हतं. मग तुमच्यात काय करतात?"

"करतात काय, दुसऱ्या दिवशी कामाला लागतात," मी म्हणाले, आणि बोलून झाल्यावर मलाच ते कसंतरी वाटलं. इरू माझ्याकडे बघत होता.

मग मी तिला त्याच्या धंद्याचं सांगितलं. हुमा सावरून बसली. तिचे वाजिद मामू माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा सौदा करायचे. लहानपणी ती त्यांच्या मांडीवर बसलेली असायची आणि रुमालाखाली मामूंची बोटं मोजायची. तिनं माठावरचं फडकं काढलं. "भाऊ, इथे सगळे बसलेत. तुम्ही सांगितलेलं कुणाला कळायला नको असेल, तर असं सांगता येईल. चालेल?"

"अगं बाई," सुकन्या पुटपुटली. "बाईमाणसाचा हात?"

"डॉक्टरनं नाडी बघितली तर चालतंय ना मम्मी," राजशेखर म्हणाला.

इरूनं त्या फडक्याकडे बघितलं आणि हात पुढे केला. हुमानं त्यावर फडकं टाकलं, आपला हात आत घातला आणि विचारलं, "डॉक्टर सहा आठवडे म्हणतात. तुम्हाला किती जमतील? काहीच नाही, तरी चालेल." फडकं थोडं हललं. हुमानं डोळे मिटले, मग उघडले आणि हात बाहेर काढून घेतला. "कळलं मला," ती शांतपणे म्हणाली. "तुमचं उत्तर मला मान्य आहे. थँक्यू."

इरू ताडकन उठला. त्याचा चेहरा लाल झाला होता. खुर्ची मागे सरकली ती राजशेखरच्या पायावर. आम्ही काही म्हणायच्या आत तो जिना उतरून गेला.

पुढचे काही दिवस फार वाईट गेले. तो गच्चीवर जाऊन बसायचा, टाकीच्या सावलीत. सुकन्या पेज नेऊन ठेवायची आणि तशीच परत आणायची. तिनं मला विचारलं, "अक्का, त्या पोरीनं काय केलं ओ आत? चिमटा काढला काय?" मला काय ठाऊक. मी म्हातारी बाई, गुडघे धरून एक जिना चढले, त्याच्याजवळ बसले, "इरू, काय झालं रे बाळा," म्हणाले. त्यानं माझ्या पायाला हात लावला आणि तोंड फिरवलं. दवाखान्यातून फोन आला की ह्या आठवड्यात नाही आलात तर नाव काढून टाकू. राजशेखर म्हणाला, "आत्या, मी पप्पांला उचलून नेतो." मी म्हणाले, "नेशील रे. पण त्या मशीनखाली पडून राहायचं त्यालाच आहे."

मग हुमाचाच फोन आला, माझ्या नंबरवर. आवाज दमलेला. "अक्का, माझ्याकडून चूक झाली. काय ते फोनवर नको. त्यांना इकडे आणू नका, मी घरी येते. तसं आमच्या नियमात बसत नाही, पण येते."

ती दुपारची आली. ऊन इतकं की जिन्याची कड हाताला भाजत होती. नेमकं त्याच दिवशी नळ आला होता आणि घरभर बादल्या, पातेली, डबे. ती त्यातून वाट काढत गच्चीवर गेली आणि इरूसमोर खाली फरशीवर बसली. मी आणि सुकन्या मागोमाग.

"भाऊ, मला सौदा येत नाही," ती म्हणाली. "माझ्या मामूंना सांगितलं तर त्यांनी मला फार बोलून घेतलं. तुम्हीच ऐका." आणि तिनं फोन लावून स्पीकरवर ठेवला.

पलीकडून एका म्हाताऱ्याचा खरखरीत आवाज आला. "कौन? दलालसाब हैं क्या उधर? सलाम बोल उनकू." मग गळा साफ केल्याचा आवाज. "साब, इसकू माफ करो. इसका नाना पूरे मालेगाव में मशहूर, और ये पोट्टी पैला भाव सुनको हात निकाल ली! अगे, पैला भाव कोई मानता क्या? पैला भाव तो सलाम रैता, सलाम! तू सलाम लेको घर चली गई!"

"मामू, बस," हुमा म्हणाली.

"बस क्या बस? आदमी हात दिया तेरेकू, और तू सौदा तोडको उठ गई. मैं होता तो मुँह नै देखता तेरा!"

तेव्हा मला उमगलं. बाजारात पहिलं बोट म्हणजे बोलण्याची सुरुवात. समोरच्यानं ते ऐकून हात काढला तर त्याचा अर्थ, तुझ्याशी मला व्यवहारच करायचा नाही. भर बाजारात तसं केलं तर त्यावरून माणसं वर्षानुवर्षं एकमेकांचं तोंड बघत नसत. हुमाला शिकवलेलं असणार की पेशंटनं जे सांगितलं ते मान्य करायचं, वाढवायचं नाही, ओढायचं नाही. ती आपल्या परीनं मान देत होती. आणि इरूला वाटलं, मी हात दिला आणि हिनं झिडकारला. सगळ्यांसारखीच हीसुद्धा माझ्याशी बोलून मोकळी झाली.

इरूनं मांडीवर थाप मारली. गळ्यातल्या भोकातून फस्स फस्स हवा यायला लागली. हसत होता की रडत होता ते मला नीट सांगता येणार नाही. सुकन्या म्हणाली, "अगं बाई, दस्ती ओली हून राहिली," आणि ती पुसायला पुढे झाली, तेव्हा त्यानं तिला हातानं थांबवलं.

त्यानं गळ्याची दस्ती स्वतः काढली. आमच्यासमोर तो ते भोक कधी उघडं टाकत नव्हता, सुकन्याला सुद्धा पट्टी बदलताना तोंड फिरवायला लावायचा. दस्ती झटकून त्यानं ती हुमाच्या आणि स्वतःच्या मधे धरली. मग तिला खुणेनं सांगितलं की असं बसू नको, गुडघा असा घे. अंगठा वर नको, खाली. ती शिकली. मग दोघांचे हात दस्तीखाली गेले.

किती वेळ गेला ते मी बघितलं नाही. खाली नळ चालूच होता आणि पिंप भरून वाहतंय हे ऐकू येत होतं, पण मी उठले नाही आणि सुकन्याही उठली नाही. हुमा मधूनमधून मोठ्यानं बोलायची. "एवढं कमी? मी नांदेडहून आलेय, भाऊ." मग दस्ती हलायची. "हे जास्त झालं. मला खूश करायला सांगू नका." परत हलायची. एकदा ती म्हणाली, "कशाची भीती जास्त? मशीनची असेल तर एक बोट, मशीननंतर मुखेडला जाऊन बाजारात उभं राहायची असेल तर दोन." तिच्या चेहऱ्यावरून मला उत्तर कळलं. तिनं ते आम्हाला सांगितलं नाही, आणि आम्ही विचारलं नाही. ती फक्त म्हणाली, "हो. ते मला पण अवघड वाटलं असतं." हात तिनं काढला नाही. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता, तरी तो पुसायलाही नाही.

शेवटी इरूनं तिचा सगळा हात धरून एकदा जोरात हलवला. सौदा झाला की करतात तसं.

"उद्या सकाळी जायचं," हुमा आम्हाला म्हणाली. "एक आठवडा."

"एकच?" सुकन्या म्हणाली. "आणि मंग?"

"मग मंगळवारी पुन्हा बसू."

तशी ती लाईट सुरू झाली. दर मंगळवारी आम्ही औषधाच्या दुकानावरच्या त्या खोलीत जायचो आणि तिथे पुढच्या आठवड्याचा सौदा व्हायचा. कधी पटकन, कधी हुमाची संध्याकाळची गाडी चुकेपर्यंत. ती त्याला कधी "शाब्बास" म्हणाली नाही. त्याच्याशी बाजाराचं बोलायची, देवणी बैलाचं कपाळ कसं ओळखायचं ते विचारायची. त्यानं बोटांनी सांगितलेलं तिला अर्धं कळायचं आणि अर्धं कळलं नाही असं ती सरळ सांगायची. घरात आम्हाला तिनं एकच काम दिलं होतं. त्याच्या वतीनं बोलायचं नाही. कुणी पाहुणा आला आणि "आता बरं हाय का?" म्हणाला की आम्ही गप्प बसायचो. आणि त्या गप्प बसण्यात त्या पाहुण्याला इरूकडे बघावं लागायचं. हे ऐकायला सोपं वाटतं. आम्हा तिघांनाही ते फार जड गेलं, मला तर जास्तच, कारण जन्मभर मी वर्गात बोलतच आले.

चौथ्या आठवड्यात त्याचा गळा जळाला. कातडी काळी पडून सोलायला लागली. पाण्याचा घोट घेताना डोळ्यांतून पाणी यायचं. मंगळवारी हुमानं हात दस्तीखाली घातला आणि बराच वेळ तिथेच ठेवला. मग हळू आवाजात म्हणाली, "मूठ."

इरूनं मूठ मिटली होती. सौदा बंद.

"आजच्यापुरती?" तिनं विचारलं. दस्ती हलली नाही. तरी ती लगेच उठली नाही. चहा मागवला, तो गार होऊ दिला. इरूनंच मग हात काढला आणि तो जिन्याकडे गेला. सुकन्या त्याच्या मागे धावली.

राजशेखर दार लोटून आत आला. "मॅडम, तुम्ही त्यांला सांगा, डॉक्टर म्हणाले आता फक्त दोनच राहिल्यात. दोन झाल्या की परत सांगू अजून दोन."

"ते खोटं आहे."

"असू द्या की खोटं! माझा बाप मरून राहिलाय."

हुमानं त्याच्याकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, फक्त थकवा होता. "राजशेखर, ते माझ्याशी बोलतात कारण मी दस्तीखाली खोटा भाव सांगत नाही. एकदा सांगितला की ते परत हात देणार नाहीत. मला नाही आणि तुलाही नाही."

"आणि न्हाई घेतली लाईट तर?"

"तर मला पण झोप येणार नाही," ती म्हणाली.

मी मात्र तिला बाहेर जिन्यात गाठलं. म्हणाले, "पोरी, थोडा जोर कर. तुझं ऐकतो तो. मी हात जोडते." ती जिन्यातच खाली बसली. म्हणाली, "अक्का, मी पण दमते. नांदेडला पोचेपर्यंत गाडीत कुणाशी बोलत नाही मी. घरी मामू विचारतात, आज किती सौदे केलीस, तर उत्तर देत नाही. मला जोर करता येतो. पण हे अंग त्यांचं आहे, आणि दुखतंय ते त्यांना. मी पुढच्या मंगळवारी येईन. त्यांनी नाही हात दिला, तरी बसेन."

त्या आठवड्यात लाईट चुकली. दवाखान्यातले डॉक्टर आमच्यावर ओरडले, आणि त्यांचं बरोबरच होतं. मधे खंड पडला की लाईटचा उपयोग कमी होतो, ते म्हणाले. सुकन्यानं दोन दिवस अन्न सोडलं आणि सगळा राग हुमावर काढला. "हातात हात घालून बसायचे पगार घेतात मेल्या!"

मंगळवारी इरू स्वतः उठला, आंघोळ केली, धुतलेली दस्ती घेतली. मी सोबत गेले, सुकन्या आली नाही. खोलीत तो बसला आणि हुमानं काही विचारायच्या आधीच त्यानं तिचा हात दस्तीखाली ओढला. तिनं भुवया वर केल्या. "मी तर अजून काही मागितलंच नाही, भाऊ," ती म्हणाली. दस्ती हलली, थांबली, पुन्हा हलली. तिनं मान डोलावली. राहिलेली सगळी लाईट त्यानं पुरी केली. पण तो एक आठवडा मधे गेला तो गेलाच.

त्यानंतर इरू मुखेडला परत गेला. बाजाराच्या कडेला एका हॉटेलच्या बाकड्यावर बसायला लागला. आधी लोक बिचकायचे, मग यायचे, बैल आणून दाखवायचे, तो बैलाचे दात बघून बोटांवर वय सांगायचा. धंदा पहिल्यासारखा राहिला नाही. आवाज नसलेल्या दलालाकडे गर्दी होत नाही, आणि हे त्याला आधीपासून ठाऊक होतं. तीन वर्षं तो जगला, थोडी कमीच. २०२२ च्या सुरुवातीच्या थंडीत दुखणं परत आलं आणि झटपट आटोपलं. आमच्या रीतीप्रमाणे त्याला बसवून शेतात पुरलं. त्या चुकलेल्या आठवड्यानं त्याचं आयुष्य कमी झालं का, हे मी लाईटच्या डॉक्टरांना विचारलं होतं. ते म्हणाले, सांगता येत नाही. मी त्यावर पुन्हा विचारलं नाही.

सुकन्या अजून म्हणते, त्या पोरीनं जरा जोर केला असता तर. कधी ते रागानं म्हणते, कधी नुसतंच, भाजी चिरता चिरता. मुखेडचं घर भाड्यानं दिलंय, ती राजशेखरकडे नांदेडला असते. राजशेखरचं तिथे मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे आणि त्याला एक मुलगी झाली. ती फार उशिरा बोलायला लागली, त्यामुळे सुकन्या काळजीनं अर्धी झाली होती. आता बोलते आणि थांबत नाही.

वाजिद मामू करोनाच्या दुसऱ्या लाटेत गेले. मला ते महिनाभरानं कळलं. हुमाचं मंगळवारी लातूरला येणं तेव्हाच बंद झालं. संस्थेनं ती खोली सोडली आणि तिथे आता दातांचे डॉक्टर बसतात. ती नांदेडलाच एका दवाखान्यात बसते. लग्न केलं नाही. केस पांढरे झालेत, ती रंगवत नाही. मागे एकदा नांदेडला गेले तेव्हा भेटले. बाहेर बाकावर माणसं बसली होती आणि आतून कुणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता, म्हणून मी बरीच ताटकळले. ती बाहेर आली, मला ओळखलं, माझ्याजवळ बसली, आणि आम्ही दोघी काही न बोलता चहा प्यायलो. मग तिला आत बोलावलं.

मी आहे तिथेच आहे. आमच्या गल्लीत आता पाणी तीन-चार दिवसांनी येतं, पण पिंप भरायला माणूस लागतो. शेजारची वर्षाराणी येते, भरून देते आणि विचारते, "आत्या, एकट्या करमतं का ओ?" मी तिला खरं काय ते सांगते. तिलाही घाई असते, तरी ती दारात जराशी थांबते.